संमतीच्या पलीकडे : मेंदूचाचणी, सेल्वी निकाल आणि अबोध पूर्वग्रह

कॉटन ग्रीनच्या कापूस बाजारात रुई चिमटीत धरून, तंतू ओढून तिची प्रत ठरविणारे पारखी असत. गासडी कोणाची आणि मालकाला भाव किती हवा, हे ठाऊक असलेल्या पारख्याची नजर अगदी निर्विकार राहत असेल, असे मानणे कठीण आहे. माटुंग्यास १९२४ मध्ये स्थापन झालेल्या कापूस प्रयोगशाळेतील उपकरणांना मालकाचे नाव कळत नाही. न्यायसहायक विज्ञानावरील आपला विश्वास याच समजुतीवर उभा आहे : माणूस पक्षपाती असेल, यंत्र नसते.

पुण्याच्या सत्र न्यायालयाच्या जून २००८ मधील निकालाने ही समजूत तपासण्याची वेळ आणली. पूर्वीच्या नियोजित वराला आर्सेनिक देऊन ठार मारल्याच्या आरोपावरून एका विद्यार्थिनीला जन्मठेप झाली. पुराव्यात इतर बाबी होत्याच. परंतु बंगळूरचे चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेल्या मेंदूचाचणीच्या निष्कर्षालाही न्यायालयाने स्थान दिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन तिला जामीन दिला.

मुंबईत झालेल्या या चाचणीत तिच्या डोक्यावर ३२ विद्युतग्र लावले होते. ती गप्प बसून होती आणि तिला प्रथमपुरुषी वाक्ये ऐकविली जात होती : आपण विष विकत घेतले, आपण त्याला भेटलो, अशा आशयाची. ही वाक्ये कोठून आली? तपास यंत्रणेने मांडलेल्या घटनाक्रमातून. म्हणजे यंत्राला काय विचारायचे ते आधीच ठरले होते. जी कहाणी तपासायची तीच प्रश्नपत्रिका झाली, आणि उत्तरे वाचणाऱ्यालाही ती कहाणी ठाऊक होती. येथे कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. अबोध पूर्वग्रहाला वाईट हेतू लागतच नाही.

इटिएल ड्रोर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे ठशांच्या बाबतीत दाखविले. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळतात असे ठरविलेले ठसे, अमेरिकी तपाससंस्थेने माद्रिद बॉम्बस्फोट प्रकरणात चुकीने जुळविलेले ठसे म्हणून पुन्हा दाखविले. चौघांनी मत बदलले. ठसे तेच होते, सोबतची गोष्ट तेवढी वेगळी होती. नमुना लहान आहे, हे मान्य. तरीही ठशांना निर्विवाद पुरावा मानणाऱ्यांना तो अस्वस्थ करणारा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी सक्तीने करण्यास मनाई केली. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) आणि २१ चा हा अर्थ मोलाचा आहे. चाचण्यांच्या विश्वसनीयतेची चर्चाही निकालात विस्ताराने येते. मात्र त्याचा मुख्य भर व्यक्तीच्या इच्छेवर आणि मौनावर आहे. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून ग्राह्य नाही. पण तिच्या आधारे नंतर हाती लागलेली वस्तू वा माहिती पुराव्यात येऊ शकते. दंडाधिकाऱ्यासमोर संमती, वकिलाची उपस्थिती, स्वतंत्र संस्थेकडून नोंदणी, या मानवी हक्क आयोगाच्या २००० मधील अटीही न्यायालयाने बंधनकारक केल्या.

प्रस्तुत लेखकाला खटकते ते येथेच. पुण्याच्या प्रकरणातील विद्यार्थिनीने चाचणीस संमती दिली होती. संमतीने सक्ती टळते. वाक्यांतील गृहीतक टळत नाही. स्वतंत्र संस्थेच्या हातीही पोलिसांचीच कहाणी दिली, तर ते स्वातंत्र्य कागदावरचे ठरते. वाक्ये कोणी रचावीत, आलेख वाचणाऱ्याला काय सांगावे आणि काय सांगू नये, याविषयी या अटी काहीच ठरवीत नाहीत.

हा प्रश्न मेंदूचाचणीपुरता राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) मध्ये, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पुरावा वेळेवर गोळा होण्यासाठी ती आवश्यकच होती. पण घटनास्थळी उभा असलेला तज्ज्ञ पोलिसांचा संशय कोणावर आहे, हेही ऐकतो. तोच तज्ज्ञ पुढे प्रयोगशाळेत नमुना वाचणार की दुसरा, याविषयी त्या कलमात एक शब्दही नाही.