अवजड यंत्रचालकांचे मणक्याचे विकार : अभ्यासपद्धती व कायदा यांची चिकित्सा

२३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता ठिकठिकाणी खचला आणि तो मोकळा करण्याचे काम पोकलेन व जेसीबीच्या चालकांकडे आले. पावसाची नोंद झाली. या चालकांच्या कण्यावर पडलेल्या भाराची नोंद ठेवण्याची सोय आपल्याकडे नाही. ती का नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अशा चालकांच्या स्नायू-अस्थिविकारांच्या अभ्यासात बहुधा १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली वापरली जाते. शरीराच्या नऊ भागांतील गेल्या बारा महिन्यांचे व सात दिवसांचे दुखणे ती विचारते. साधन सुटसुटीत आहे. परंतु कामावर हजर असलेल्यांनाच ते सहसा विचारले जाते. कंबरदुखीमुळे ज्याने काम सोडले, तो चालक नमुन्यात येतच नाही. याहून गंभीर उणीव अशी की, या प्रश्नावलीतून दुखणे कळते, कंपन कळत नाही. बसलेल्या माणसाचा कणा साधारणतः ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनास सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि खडबडीत जमिनीवरील यंत्रांचे कंपन बरेचसे याच टप्प्यात असते. कंपन मोजलेच नाही, तर शिफारशी ‘ताठ बसा, व्यायाम करा’ येथेच थांबतात. झिजलेल्या आसनाचा दोषही मग चालकाच्याच माथी!

कायद्याची स्थिती निराळी नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील २९ अधिसूचनीय रोगांत ध्वनिजन्य बहिरेपण होते, कंपनजन्य विकार नव्हते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही त्यांना स्थान दिले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत मात्र ते आहेत. युरोपीय संघाने तर २००२ मध्येच संपूर्ण शरीरास बसणाऱ्या कंपनाची, आठ तासांच्या कामासाठी, १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी कमाल मर्यादा ठरविली.

मोजमाप अवघड आहे, असेही म्हणता येत नाही. यंत्राचे भाडे व देखभाल ज्या अवर मीटरवर ठरते, त्यावरून चालक किती तास आसनावर होता, याचा कच्चा हिशेब निघू शकतो. एकाच यंत्रावर दोघे आळीपाळीने बसत असल्यास पाळीची स्वतंत्र नोंद लागेल. आसनावर कंपनमापक ठेवणे महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागास अशक्य नाही. काम सोडलेल्या चालकांचा शोध मात्र यंत्रमालकांच्या जुन्या हजेरीपत्रकांतूनच घ्यावा लागेल.