'असू शकते'चे वाङ्मय

गेल्या आषाढात वाईहून ताईचा फोन आला. "छातीत भरून आल्यासारखं होतंय रे दोन दिवस. जेवून जरा चालले की जास्तच." मी ३४ वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले, वैद्यकाशी माझा संबंध रक्तदाबाच्या गोळीपुरता. तरी "थांब, बघतो" म्हणून मी संगणकावर 'छातीत भरून येणे' असे लिहिले. समोर आले ते ऊर भरून येण्याबद्दलचे गहिवर आणि काही कविता. मग मी शब्द बदलला. 'छातीत जळजळ' म्हणताच पानेच्या पाने उघडली: आम्लपित्त, तिखट, जागरण, ओवा, जिऱ्याचे पाणी. मी ताईला थंड दूध घ्यायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी तिला साताऱ्याला हलवावे लागले. हृदयविकाराचा झटका होता, सौम्य. एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. ती आता बरी आहे. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच मिनिटात विचारले होते, "चालताना, जिना चढताना वाढतं का? थांबलं की कमी होतं?" यातल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर ताईने मला न विचारता दिले होते. मी ते ऐकले आणि शोधण्याच्या खिडकीत मावत नाही म्हणून सोडून दिले.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी ही आरोग्याची पाने वाचत होतो, एरवी एखादा वाङ्मयप्रकार वाचावा तशी. हा वाङ्मयप्रकारच आहे आणि आज मराठीत तो कथा-कवितेहून अधिक वाचला जात असावा. त्याची समीक्षा मात्र होत नाही. ती करायला मी योग्य माणूस आहे का, हा प्रश्न वाजवी आहे. पण माझी चूक वैद्यकातली कमी आणि वाचनातली जास्त होती, म्हणून धाडस करतो.

या लेखनाचे क्रियापद एकच: 'असू शकते'. डोकेदुखी ताणामुळे असू शकते, चष्म्याच्या नंबरामुळे असू शकते, मेंदूतल्या गाठीमुळे असू शकते. तिन्ही वाक्ये खरी आहेत. पण एकाखाली एक, सारख्याच ठशात छापली की ती समान वजनाची होतात. जी गोष्ट हजारांत शेकडो वेळा घडते आणि जी लाखांत मोजक्यांना होते, त्यांच्यात या व्याकरणाला फरक करता येत नाही. लेखक कोणी नसतो, काळ नसतो, 'कधीपासून' नसते. आणि शेवटी ठरलेले भरतवाक्य: अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. नांदी ते भरतवाक्य नाटक कुठेच नाही.

हा केवळ माझा ग्रह नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. डोकेदुखीचा शोध घेतल्यावर हाती येणाऱ्या पानांत मेंदूतल्या गाठीचा उल्लेख आणि कॉफी सुटल्याने होणाऱ्या डोकेदुखीचा उल्लेख जवळजवळ सारख्याच प्रमाणात येतो, असे त्यांना आढळले. प्रत्यक्षात या दोन कारणांत किती अंतर आहे ते सांगायला नको. स्नायू फडफडण्याच्या शोधात एएलएससारखा दुर्मीळ, असाध्य आजार असाच पुढे येऊन बसतो. साध्या तक्रारीपासून सुरुवात करून भयंकर आजारांकडे सरकत जाण्याच्या या प्रवासाला त्यांनी 'चढण' अशा अर्थाचा शब्द वापरला. शोधयंत्र उतरंड लावते हे खरे, पण ती कशाची, हे वाचकाने कधी विचारलेले नसते. जे पान जास्त उघडले गेले, ज्याच्याकडे इतर पानांनी बोट दाखवले, ते वर. वाचक मात्र वरचे म्हणजे संभाव्य असे समजतो. भीतीने लोक मेंदूच्या गाठीचे पान जास्त उघडतात आणि ते पान आणखी वर येण्याची शक्यता वाढते.

लक्षणे विचारून निदान सुचवणाऱ्या साधनांची परीक्षाही झाली आहे. २०१५ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या अभ्यासात अशा २३ साधनांना ४५ नमुना रुग्ण दिले होते. योग्य निदान यादीत पहिले आले ते सुमारे ३४ टक्के वेळा. तातडीच्या प्रसंगी तातडीनेच जा, हे ५ पैकी ४ वेळा बरोबर सांगितले गेले. पण घरी राहिले तरी चालेल अशा प्रसंगी बहुतेकदा माणसाला दवाखान्याकडेच पिटाळले. म्हणजे ही साधने भित्री आहेत. माझ्या बाबतीत उलट घडले, कारण मी साधनाला ताईचे शब्द दिलेच नव्हते. माझे दिले होते.

यादी वाचून रोग लावून घेण्याची खोड संगणकाबरोबर आली असे मात्र कोणी म्हणू नये. जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट'चा (१८८९) नायक ब्रिटिश म्युझियममध्ये किरकोळ दुखण्यासाठी वैद्यकाचा ग्रंथ उघडतो आणि स्वतःला एक सोडून सगळे रोग जडल्याची खात्री करून घेतो. तो राहिलेला एक, मोलकरणींच्या गुडघ्याचा, आपल्याला का नाही याचे त्याला वाईट वाटते! आपल्याकडे यादीची परंपरा त्याहून जुनी. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचा समास आहे. त्यात समर्थ शरीराच्या व्याधी एकामागून एक अशा मोजतात की वाचतानाच अंग खाजू लागते. तिथेही नायटा आणि महारोग शेजारी बसतात. पण त्या यादीचा हेतू वेगळा आहे. 'यांतला मला कोणता?' असे तिला विचारायचेच नसते. देह म्हणजे हे सगळे, एवढे कळले की तिचे काम झाले. पडद्यावरच्या यादीला वाचक निघून जायला नको असतो. खाली आणखी एक दुवा असतोच.

'निदान' या शब्दाचेही मराठीत काय झाले पाहा. 'माधवनिदान' हा संस्कृत ग्रंथ केवळ रोग ओळखण्यासाठी वाहिलेला. त्यात कारण, पूर्वरूप, लक्षण, कशाने बरे वाटते आणि रोग कसा घडत गेला, अशा पाच वाटांनी रोगापर्यंत जायचे असते. रोग्याची परीक्षाही तीन प्रकारची सांगितली आहे: पाहून, स्पर्शून, विचारून. आणि मराठीत 'निदान' म्हणजे 'कमीत कमी' हा अर्थही आहे. निदान चहा तरी घ्या. आंतरजालावरचे निदान बहुधा या दुसऱ्या अर्थाचे.

माझी खरी तक्रार मात्र शब्दांबद्दल आहे. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! ठणका, कळ, सणक, चमक, उसण, ठसठस, मुरडा, पेटका, वांब. दात ठणकतो, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, पिंढरीत वांब येतो. घेरी, भोवळ, गरगरणे आणि डोके हलके होणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि कानाचे डॉक्टर यातली तिसरी ऐकली की सावध होतात. यातला प्रत्येक शब्द वेदनेची जागा, लय आणि टिकण्याचा वेळ सांगतो. जुन्या वैद्याची अर्धी परीक्षा यातच होत असे. मी वाचलेली बहुतेक मराठी पाने इंग्रजीवरून उतरवलेली होती आणि त्यांत हे सगळे 'वेदना' या एका शब्दात बुडाले होते. 'छातीत अस्वस्थता जाणवणे' असे कुठली ताई म्हणते? छातीवर दगड ठेवल्यासारखे, भरून आल्यासारखे, आवळल्यासारखे असे ती म्हणते, आणि 'सारखे' हा तिचा निदानाचा प्रत्यय असतो. बायकांच्या हृदयविकारात कधी कधी छातीत कळ न येता दम लागणे, मळमळ, पाठ-जबडा दुखणे, नुसता थकवा एवढेच दिसते. तिथे तर हे 'सारखे'च ऐकायला हवे.

चांगले उदाहरण नाही असे नाही. डेव्हिड वर्नर यांचे 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' हे मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतल्या कामातून आधी स्पॅनिशमध्ये उभे राहिलेले पुस्तक. ते औषधांकडे वळण्याआधी आजारी माणसाला काय विचारायचे, काय पाहायचे हे शिकवते, आणि धोक्याची चिन्हे वेगळी काढून सांगते की इथे थांबू नका. मराठीत डॉ. श्याम अष्टेकर यांच्या 'भारतवैद्यक'मध्येही लक्षणापासून प्रश्न विचारत पुढे नेणारे तक्ते आहेत. हेही शेवटी कागदावरचेच ज्ञान. पण त्याला वजनाचे भान आहे. हल्ली बोलणारी यंत्रे आली आहेत आणि ती प्रश्न विचारतातही. मात्र आपण आपल्या शब्दात सांगितले तरच, हा माझा थोडा अनुभव.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल, मनाच्या आजाराबद्दल घरात तोंड उघडता येत नाही अशा किती मुलींनी रात्री फोनच्या उजेडात पहिली खरी माहिती वाचली असेल. त्यांना मी 'डॉक्टरांना विचारा' असे सांगणार नाही. त्यांच्या गावात डॉक्टर कोणत्या वारी येतो, ते मला ठाऊक आहे. म्हणून ही पाने नकोत असे मला म्हणवत नाही. ती नीट लिहिलेली हवीत, आणि लिहिणाऱ्याने एकदा तरी बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून लोक दुखणे कसे सांगतात ते ऐकलेले हवे.

ताई परवा पुन्हा फोनवर म्हणाली, "आज डोकं नुसतं भणभणतंय बघ." मी संगणकाकडे वळलो नाही. "भणभणतंय म्हणजे कसं गं? कधीपासून?" असे विचारले. ती जरा थांबली आणि म्हणाली, "शेजारी मांडव पडलाय. सकाळपासून भोंगा चालू आहे."