नाणेघाटचा रांजण

जुन्नरहून नाणेघाटास गेलेली शाळेची सहल घाटमाथ्यावरील दगडी रांजणापाशीं थांबल्यावांचून परत येत नाहीं. सातवाहनांच्या काळीं व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणांत टाकीत, असें बरोबरचा वाटाड्या सांगतो. चौकस मुलें मोबाईल काढून पाहतात, तों पहिल्या पानावर तेंच, दहाव्या पानावरही तेंच. आतां तर प्रश्न पुरा होतो न होतो तोंच सफाईदार मराठींत उत्तर जुळवून देणारीं यंत्रें आलीं आहेत. त्यांच्याकडूनही निराळें कांहीं ऐकूं येण्याचा संभव थोडा. इतके साक्षीदार एकमुखानें बोलल्यावर शंकेला जागा कोठें उरली?

ती उरते जवळच्याच लेण्यांत. तेथें नागनिका राणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख आहे. त्याच्या आज वाचतां येणाऱ्या भागांत यज्ञांचीं नांवें आहेत, दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांचे आंकडे आहेत. जकातीचें वा रांजणाचें नांव नाहीं. कोंकणांतून जुन्नरकडे येणारा व्यापार हा घाट चढून येई, तेव्हां येथें जकात घेत असतील हा तर्क सयुक्तिक खरा. पण दहा पानांनीं तो एकमेकांपासून उतरून घेतल्यानें त्याचा पुरावा होत नाहीं. लेखही भोळेपणानें वाचूं नये, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. राजघराण्यानें आपल्याच दानधर्माची करविलेली ती नोंद आहे. समकालीन असणें निराळें आणि निःपक्षपाती असणें निराळें.

आंतरजालावरील मजकूर पारखण्यासाठीं हल्लीं मुलांस कांहीं नियम पढवितात: लेखकाचें नांव पाहा, तारीख पाहा, सरकारी स्थळावर विश्वास ठेवा, दोन ठिकाणीं पडताळा. हे नियम खोटे नव्हेत. परंतु त्यांनीं साक्षीदाराचा पोशाख तेवढा तपासला जातो. पडताळ्याचा नियम तर रांजणापाशींच फसतो.

यापेक्षां चांगला धडा जुन्नरच्या विद्यार्थ्यास मान वर करतांच दिसतो. शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म कोणत्या वर्षीं झाला? मल्हार रामराव चिटणीसांची बखर, ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास आणि त्यांच्यामागून निघालेलीं कितीतरी पुस्तकें १६२७ हें साल सांगत. संख्येवरच निकाल द्यावयाचा तर तो केव्हांच लागला होता. पण चिटणीसांनीं लेखणी उचलली ती पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला आणि बखरींस अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून पाहिलें. पुढें १९१६ सालीं टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथि निघाली. एकट्या शकावलीवर कोणी विसंबला असता तर तोही अंधविश्वासच ठरता. परंतु तंजावरास सांपडलेलें परमानंदाचें ‘शिवभारत’ हीच तिथि सांगतें आणि जोधपुरास मिळालेल्या जुन्या कुंडलीवरूनही तीच निघते. भोरकडील देशमुखांचें दप्तर, तंजावरची पोथी आणि मारवाडांतील कुंडल्यांचा संग्रह यांनीं एकमेकांचें पाहून लिहिलें, असें म्हणण्यास आधार नाहीं. साक्षी तीनच, पण तिन्ही स्वतंत्र. शासनानें ही तिथि स्वीकारली ती २००१ सालीं. सरकारी शिक्का हाच ज्याचा निकष, त्याला पंचाऐंशी वर्षें वाट पाहावी लागली असती!

हा केवळ सनावळीचा छंद आहे असें कोणास वाटेल. शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं दरडीखालीं गडप झालें व दीडशेंवर माणसें दगावलीं. ती वार्ता बाहेर आली ती त्या वाटेनें गाडी नेणाऱ्या एका एस. टी. चालकामुळें, नेहमींच्या जागीं गांवच दिसेना, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. साक्षीदार एकच होता, आणि तो पुरे होता. उलट पावसाळ्यांत एखादें जुनें दरडीचें चित्र आजचें म्हणून शंभर मोबाईलांवर फिरतें, तेव्हां पाठविणाऱ्या शंभरांपैकीं एकानेंही ती दरड पाहिलेली नसते. आणि डोंगराखालच्या वाडीला घर सोडावें कीं राहावें हें त्याच चित्रावरून ठरवावें लागतें.

म्हणून वर्गांत मुलांकडून उत्तर लिहून घेण्यापूर्वीं त्या उत्तराची वंशावळ लिहून घ्यावी: तें कोणीं पाहिलें, कोणीं कोणापासून ऐकलें, कोणीं कोणाचें उतरलें. बहुतेक वंशावळी दोन-तीन पायऱ्यांवरच तुटतात, हें त्यांचें त्यांनाच कळेल. रांजणाची वंशावळ आम्हीं शोधून पाहिली. पानामागून पान उलटीत आम्ही अखेर त्या वाटाड्याजवळच येऊन ठेपलों, आणि तुला हें कोणीं सांगितलें असें विचारतां तो म्हणाला, “मोबाईलवर आहे कीं!”