वर्ध्याचे नाव, दोन धड्यांत

देशोदेशी इतिहास वेगवेगळा शिकवतात, हे दाखवायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या वर्ध्यापासूनच सुरू करू. 'वर्धा' हे नाव पाकिस्तानातल्या शाळकरी मुलांच्या पुस्तकात येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तिथे 'पाकिस्तान स्टडीज' नावाचा विषय असतो. त्यात १९३७ ते १९३९ मधल्या काँग्रेस मंत्रिमंडळांवर धडा असतो, आणि त्या राजवटीत मुसलमानांवर काय अन्याय झाले हे सांगताना 'वंदे मातरम्'च्या जोडीला 'वर्धा योजना' येते. म्हणजे आपली नई तालीम हो!

आपण काय सांगतो? २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने. पुढे झाकिर हुसेन समितीने आराखडा केला. धडा संपला.

आता यातले खोटे कोणते? दोन्हीकडे परिषद तीच, योजना तीच. फरक आहे तो धडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो यात. आपल्या धड्याचा प्रश्न 'आपण स्वतंत्र कसे झालो' हा. त्यांचा प्रश्न 'वेगळे राष्ट्र का लागले' हा. प्रश्न ठरला की वर्ध्याची जागा ठरते. घडलेल्या गोष्टीला त्यात फारसे मत नसते. कृष्णकुमार यांनी २००१ च्या 'प्रेज्युडिस अँड प्राइड'मध्ये दोन्ही देशांची शालेय पुस्तके शेजारी ठेवून वाचली आहेत. शिक्षकांनी ते जरूर पाहावे.

पण 'त्यांचे ते, आपले आपले' म्हणून सुटका होत नाही. त्यांच्या धड्याला एक अडचण आहे. ज्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे प्रमुख, जिच्यात ख्वाजा गुलाम सैय्यदैन, ती मुसलमानांची संस्कृती पुसायला बसली होती, हे पटवायचे तर या माणसांचे काय करायचे ते सांगावे लागेल.

आणि आपली अडचण? योजनेत धर्मशिक्षण मुद्दाम ठेवलेले नव्हते. गांधीजींनी ते उघड सांगितले होते. आपल्याला तो शहाणपणा वाटतो. पण मुलाने मदरशात काही शिकावे असे वाटणाऱ्या बापाला ती वजाबाकी वाटली असेल, तर त्याला दुष्ट ठरवता येत नाही. त्याच सुमारास आपल्या मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली. ती वेगळी, पण शाळेच्या नावातच 'मंदिर'. (नावावरून एवढे काय, असे आपण सहज म्हणतो, आपल्या मुलाच्या शाळेचे नाव दुसऱ्याच्या धर्मातले असते तर म्हटले असते का?) मुस्लिम लीगच्या पीरपूर समितीने १९३८ मध्ये अशा तक्रारींचा अहवाल काढला. त्यात अतिशयोक्ती नव्हती असे नाही. पण तक्रारच नव्हती, असे आपल्या सांगण्यातून मुलांना वाटते.

फ्रान्स आणि जर्मनीने २००६ पासून वरच्या वर्गांसाठी इतिहासाचे सामाईक पुस्तक काढले. ते आपल्याला आज जमणार नाही, त्याला दोन सरकारे लागतात. पण सेवाग्रामला शाळांच्या सहली येतात, मुले बापूकुटी पाहतात, चरखा पाहतात. ही योजना काही लोकांना नको होती आणि का नको होती, हे त्यांना तिथेच सांगायला कोणत्या सरकारची परवानगी लागते?