निकाल ठरलेला, पडणे खरे

मराठी राजकीय बातमीदारीला ‘नुरा कुस्ती’ हा शब्द फार प्रिय आहे. दोन पुढारी जाहीर सभेत एकमेकांवर तुटून पडतात, आतून मात्र त्यांचे जमलेले आहे, असा संशय आला की हा शब्द मथळ्यात चढतो. त्यातली तुच्छता थेट आखाड्यातून आलेली आहे. लाल मातीत मान आहे तो निकाली कुस्तीला. कोल्हापूरच्या खासबागेपासून गावच्या जत्रेपर्यंत प्रेक्षक तिच्याच ओढीने बसून राहतो. दोन पैलवानांनी आधीच संगनमत केले, तर तो खेळाचा, वस्तादाचा आणि जमलेल्या गावाचा अपमान ठरतो. अशा भाषेत वाढलेल्या माणसाने अमेरिकी व्यावसायिक कुस्तीकडे पाहून नाक मुरडावे, यात नवल नाही. नव्वदच्या दशकात ती केबलवरून घरात आली, मुले पैलवानांची उंची, वजने आणि छात्यांची मापे छापलेले पत्ते खेळू लागली, तेव्हा घरोघरी मोठ्यांनी एकच वाक्य ऐकवले : ‘ते सगळं खोटं असतं.’

वाक्य चुकीचे नव्हते. या कुस्तीत निकाल ठरलेला असतो, वैरही ठरवलेले असते. पण त्या वाक्यापाशी चर्चा संपून जाई, आणि खरे प्रश्न त्यापुढचे होते. माझे म्हणणे असे की, संहितेवर चालणारे रंजन म्हणून या कुस्तीला आदर मिळायला हवा. मात्र आदर म्हणजे केवळ टाळ्या नव्हेत. एखाद्या गोष्टीला कला मानले की तिला कलेचे निकष लागतात, आणि तिच्या कर्त्यांना जाबही विचारता येतो.

आधी हे पाहू की, निकाल ठरवण्याची गरज का पडली. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांची कुस्ती झाली. गामाने त्याला लवकरच खाली घेतले. त्यानंतर झ्बिस्को बचावात जो पालथा पडून राहिला, तो अडीच तासांहून अधिक काळ. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या लढतीला झ्बिस्को आलाच नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. जाणकाराला या दोन्ही लढतींत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसाच्या दृष्टीने एक संपता संपत नव्हती आणि दुसरी बूड टेकायच्या आत संपली.

जत्रांच्या तंबूंतल्या कुस्त्यांमध्ये संगनमत आधीपासून होतेच. १९२०च्या दशकात अमेरिकेत एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँड या तिघांनी त्याला पद्धतशीर रूप दिले. लढतींना वेळेची मर्यादा आली, नेत्रदीपक फेकी आल्या, आणि आधी ठरवलेला शेवट आला. खेळाचे नाटक झाले. मात्र हे नाटक आहे, ही गोष्ट लपवून ठेवली गेली. या लपवाछपवीला त्या धंद्यात ‘केफेब’ म्हणतात. खलनायक आणि नायक रिंगबाहेरही एका टेबलावर जेवायला दिसू नयेत, इतकी ती काटेकोर होती. इथपर्यंत ‘नुरा कुस्ती’ हा आरोप लागू पडतो, कारण प्रेक्षकाला खरे सांगितलेले नव्हते.

पण प्रेक्षक खरोखर फसत होता का? फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकातला पहिलाच निबंध कुस्तीवर आहे. त्यांचा मुद्दा असा की, मुष्टियुद्ध पाहणाऱ्याचे लक्ष शेवटी काय होणार याकडे असते. कुस्ती पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक क्षणाचा अर्थ हवा असतो. दुष्टाचा दुष्टपणा, सोसणाऱ्याची वेदना आणि अखेर होणारा न्याय हे सगळे ढळढळीत दिसले की त्याचे समाधान होते. लढत खरी की ठरवलेली, याची तो फिकीर करत नाही. आपल्याकडचे उदाहरण दारासिंगचे आहे. किंगकाँगसारख्या अवाढव्य प्रतिस्पर्ध्यांशी त्याच्या झालेल्या फ्रीस्टाइल कुस्त्यांत किती खरे आणि किती ठरवलेले, हा वाद जुन्या शौकिनांत अजून रंगतो. पुढे तोच दारासिंग दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत हनुमान झाला आणि लोकांनी हात जोडले. त्यातली गदा लोखंडाची आहे का, हे कोणी विचारले नाही. नाटक आणि फसवणूक यांतला फरक प्रेक्षकाला कळतो.

बार्थ यांचे विवेचन मार्मिक आहे, पण ते रिंगकडे लांबून पाहतात. त्यांना खुणा दिसतात, त्या खुणा करणारे शरीर फारसे दिसत नाही. कसब तर त्या शरीरातच आहे. कोकणातला दशावतारी नट लिखित संहितेशिवाय उभा राहतो. आख्यान ठरलेले असते, संवाद तिथल्या तिथे सुचतात. व्यावसायिक कुस्तीतही बहुधा शेवट ठरलेला असतो आणि मधला बराच भाग एकमेकांच्या कानाशी कुजबुजत, प्रेक्षकांचा कल पाहत रचला जातो. याच्या उलट टोकाला रँडी सॅव्हेजसारखे लोक होते. २९ मार्च १९८७ रोजी पॉन्टिॲकच्या सिल्व्हरडोममध्ये रिकी स्टीमबोटशी झालेली त्याची सुमारे पंधरा मिनिटांची लढत जवळजवळ डावागणिक आधी बसवलेली होती. आजही ती आदर्श म्हणून दाखवली जाते.

पडण्याचेही शिक्षण असते. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ सपाट टाकायची, हात बाजूंना आपटायचे, म्हणजे आघात विभागला जातो. खाली लाकडी फळ्यांवर पातळसा थर असतो, गादी नव्हे. आखाड्यात पैलवान प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवतो, इथे तो सांभाळतो. डोक्यावर उचललेल्या माणसाची मान उचलणाऱ्याच्या हातात असते. वैराचा आभास हा अशा विश्वासावर चालतो. सिनेमातल्या साहसदृश्याला दुसरा टेक मिळतो, तो इथे मिळत नाही.

हे कसब मान्य करण्याची पाळी आली, ती मात्र वेगळ्याच कारणाने. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर व्हिन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीच्या वतीने अधिकृतपणे सांगण्यात आले की, ही खरी क्रीडास्पर्धा नसून रंजन आहे. त्यामागे कलेचा अभिमान नव्हता. क्रीडास्पर्धा म्हटली की राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाची देखरेख आली, परवाने आले, प्रक्षेपणावरचा कर आला. रंजन म्हटले की या सगळ्यातून सुटका होती. इतकी वर्षे जपलेले गुपित उघड झाले ते असे, हिशेबाच्या वहीत.

इथे या प्रश्नाची खरी गोम आहे. खेळ नव्हे म्हणून क्रीडा मंडळ नको. आणि पैलवान हे नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, म्हणून मालकाची जबाबदारीही नको. सिनेमातल्या साहसदृश्यांच्या कलाकारांना अमेरिकेत संघटनेचे संरक्षण आहे. कुस्तीत १९८६ च्या सुमारास जेसी व्हेंचुराने संघटनेची कल्पना मांडून पाहिली, ती उभी राहिली नाही. पुढे तो मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, पैलवानांची संघटना मात्र झाली नाही.

याचा अर्थ रिंगमध्ये दिसतो. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोली सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून समालोचकांच्या टेबलावर फेकला गेला. ती फेक ठरलेली होती. थोड्या वेळाने तो पुन्हा वर चढला आणि पिंजऱ्याचे छतच त्याच्याखाली निसटून तो रिंगमध्ये कोसळला. हे ठरलेले नव्हते. पुढच्याच वर्षी, २३ मे १९९९ रोजी, कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरवायचे होते. पट्टा सुटला आणि तो सुमारे ७८ फुटांवरून पडून मरण पावला. हा कार्यक्रमाचा भाग नाही, असे समालोचकाला घरी पाहणाऱ्यांना मुद्दाम सांगावे लागले. सभागृहातल्या लोकांना त्याच्या मृत्यूची बातमी दिलीच गेली नाही आणि कार्यक्रम शेवटपर्यंत चालू राहिला.

‘ते सगळं खोटं असतं’ हे वाक्य इथे निरुपद्रवी राहत नाही. सगळेच खोटे मानले की जखमही खोटी ठरते, आणि जखमेची चौकशी करायची गरज उरत नाही. मालकाला हे वाक्य सोयीचेच आहे.

संहितेचीही तीच गोष्ट. खऱ्या स्पर्धेत कोण जिंकले याचा जाब कोणाला विचारता येत नाही; ठरवलेल्या लढतीत येतो. २००७ साली हिमाचलचा दलीपसिंग राणा ‘द ग्रेट खली’ म्हणून जागतिक विजेता झाला, तेव्हा आपल्याकडे कौतुक झाले. पण त्याला दिलेली भूमिका होती परदेशातून आलेल्या, हिंस्र आणि बहुतांशी अबोल राक्षसाची. त्याच्या वतीने दुसराच कोणी बोले. २०१७ साली विजेता झालेला जिंदर महल तर कॅनडातल्या कॅलगरीचा. त्यालाही अमेरिकी प्रेक्षकांपुढे उपरा खलनायकच केले गेले. तो पंजाबीत बोलू लागला की लोकांनी हुर्यो करावी, अशी ती योजना होती. यातला विनोद आणि विखार कोणीतरी बसून लिहिलेला आहे. एखाद्या नाटकात हे असते, तर आपण नाटककाराला सोडले नसते. कुस्तीला आपण ‘पोरखेळ’ म्हणतो आणि तिच्या लेखकाला मोकळे सोडतो.

‘नुरा कुस्ती’ हा शब्द त्याच्या जागी योग्यच आहे. निकाली म्हणून जाहीर केलेली कुस्ती ठरवून केली, तर ती फसवणूकच आणि तिथे हा शब्द कठोरपणेच वापरावा. पण जिथे पाहणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि दाखवणाऱ्यानेही कबूल केले आहे, तिथे तो कामाचा नाही. तिथे विचारायचे प्रश्न निराळे : काम नीट बसवले होते का, गोष्ट कोणाला हिणवून रंगवली, आणि पडणाऱ्याला कोणी झेलले का? हे तीन प्रश्न गांभीर्याने विचारणे हाच या कलेचा आदर. तो सर्वांत आधी देय आहे, तो त्या लाकडी फळ्यांवर रोज रात्री पाठ टाकणाऱ्या माणसाला.