‘लोकस्थिती’ : पंडिता रमाबाईंची अमेरिका

सन २०१९ च्या उन्हाळ्यात मी व माझी पत्नी मुलीकडे अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात, चार महिने राहून आलो. परतल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण करतात तेच मीही केले. एक लेख लिहिला आणि आपल्या मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला. तिकडचे स्वच्छ रस्ते, तिकडची शिस्तशीर रांग, तिकडचे मोफत ग्रंथालय. इकडचे काय, ते सांगण्याची गरजच नव्हती. सभागृहातील पंख्याची घरघर आणि खिडकीतून येणारे भोंगे ते काम माझ्या वतीने करीत होते. लेख श्रोत्यांना आवडला. पुढे ग्रंथालयाची कपाटे आवरताना पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकाची पुनर्मुद्रित प्रत हाती लागली. ती वाचून संपवल्यावर मला माझा लेख परत घ्यावासा वाटला. का वाटला, ते येथे सांगतो.

हे पुस्तक १८८९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. रमाबाई इंग्लंडहून १८८६ च्या आरंभी अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो समारंभ झाला. पाहुणी म्हणून गेलेल्या रमाबाई पुढे १८८८ अखेरपर्यंत त्या देशात राहिल्या. व्याख्याने देत त्यांनी तो देश या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पाहिला, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, बालविधवांच्या शाळेसाठी निधी उभा केला आणि परतल्यावर हे पुस्तक प्रसिद्ध केले. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा परदेशातील अभ्यासकांत त्याची पुष्कळ चर्चा झाली. मराठी वाचक मात्र रमाबाईंना शारदासदन, मुक्तिमिशन आणि धर्मांतर या तीन शब्दांत बसवून मोकळा होतो. त्या मराठी गद्याच्या मोठ्या लेखिका होत्या, हे त्यात राहून जाते.

पुस्तकाच्या नावातील शब्दांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतचा समुद्रप्रवास आरंभीच आटोपतो आणि त्यानंतर लेखिका जवळजवळ दृष्टीआड होते. पुढे येतात त्या देशाची राज्यव्यवस्था, लोकांची घरगुती राहणी, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार व उद्योग. आपल्याकडील प्रवासवर्णनाची आवड बऱ्याच अंशी ‘अपूर्वाई’ने (१९६०) घडवली. तिथे प्रवासी स्वतः हे मुख्य पात्र असते, देश त्याच्यामागचा पडदा असतो, आणि त्या पुस्तकात ते शोभतेही. रमाबाईंकडे ही मौज नाही. आकडे येतात, संस्थांची नावे येतात, नियम येतात. काही पाने तर खात्याच्या वार्षिक प्रशासन अहवालासारखी वाटतात, आणि ज्याचा सारा जन्म असे अहवाल वाचण्यात गेला, त्याने हे विधान तक्रार म्हणून केलेले नाही, हे वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

मी नोकरीत असताना स्थानिक निधी लेखापरीक्षणाच्या कामावर बरीच वर्षे होतो. नगरपालिकेत गेले की आधी इमारत दाखवतात, नवे फर्निचर दाखवतात, चहा पाजतात. आम्ही मात्र विचारायचे ते एवढेच की पैसा कुठून आला, कुणाच्या सहीने खर्च झाला आणि हिशेब कुणाला दिला. हाच प्रश्न रमाबाई अमेरिकेला विचारतात. एखादी शाळा, एखादे वाचनालय, जनावरांना क्रूरतेपासून वाचवणारी एखादी संस्था दिसली की तेथे त्या थबकतात, पण नुसत्या भारावून जात नाहीत. ती कोणी काढली, सभासद कसे जमतात, कारभार कोण पाहतो, इकडे त्यांचे मन ओढ घेते. स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाविषयी त्यांना जो आदर वाटला, त्याचे अर्धे कारण त्या संघाच्या बांधणीत आहे. गावची शाखा, तिच्यावर राज्याचा संघ, त्यावर राष्ट्रीय संघ, आणि हे सारे चालवणाऱ्या स्त्रिया! ज्या काळी आपल्याकडे सुशिक्षित घरातील स्त्रीने सभेत बोलणे हाही वादाचा विषय होता, त्या काळी एका मराठी विधवेने हे मराठीत मांडून ठेवले.

स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण हा या पुस्तकाचा गाभा. तेथे दोन देशांची तुलना जी शिस्त पाळते, तशी मी तरी मराठीत फारशी पाहिलेली नाही. अमेरिकेतील स्त्री मोकळी आहे आणि आमची बंदिस्त आहे, एवढे म्हणून थांबणे सोपे होते. रमाबाई त्या मोकळेपणाचे वय सांगतात. तो त्या मातीत आपोआप उगवलेला नाही. धर्मोपदेशक, वकील आणि वैद्य यांच्याशी भांडून स्त्रियांनी तो गेल्या अर्धशतकात मिळवला, असे त्या दाखवून देतात. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. एलिझाबेथ ब्लॅकवेलला वैद्यकीची पदवी मिळाली १८४९ मध्ये आणि फिलाडेल्फियाचे ते महाविद्यालय निघाले १८५० मध्ये. म्हणजे आनंदीबाई पदवीधर झाल्या तेव्हा ती संस्था अवघी छत्तीस वर्षांची होती. मतदानाचा हक्क तर त्या देशातील सर्व राज्यांतल्या स्त्रियांना १९२० पर्यंत घटनेने दिलेला नव्हता. गोष्टीचे वय कळले की वाचणाऱ्याच्या मनातील न्यूनगंडही सरतो आणि सबबही सरते. त्यांना पन्नास वर्षे लागली असतील, तर आपल्याला ‘आमची परंपराच निराळी’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

गुणगान करणारी व्यक्ती डोळे झाकून बसली आहे, असेही नाही. कोलंबस आणि त्याच्यामागून आलेल्या लोभी लोकांनी तेथील मूळ रहिवाशांचे काय केले, ते त्या आरंभीच सांगतात. आणि ज्या माणसांना चुकून ‘इंडियन’ हे नाव मिळाले त्यांची हकीकत परसत्तेखालच्या खऱ्या इंडियन वाचकाने वाचावी, यातला बोच त्यांना नक्कीच ठाऊक होता. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तरी काळ्या माणसाविषयीचा तिटकारा संपला नाही, हे त्या लपवत नाहीत. आणि आपल्या मैत्रिणींच्या टोप्यांवरील पक्ष्यांची पिसे आणि कमरा आवळणारी वस्त्रे यांनाही त्या सोडत नाहीत. ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या पोशाखावर लिहायला धैर्य लागते. माझ्या लेखात मी मुलीच्या शेजाऱ्यांविषयी एकही वावगा शब्द लिहिला नव्हता.

तथापि या हिशेबातही आक्षेप निघतात, आणि ते नोंदवले नाहीत तर लेखापरीक्षण कसले? रमाबाईंची अमेरिका ही बव्हंशी त्यांच्या यजमानांची अमेरिका आहे. बोस्टन, फिलाडेल्फिया येथील सुधारक, सुशिक्षित, श्रद्धाळू मध्यमवर्ग. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी जी संस्था स्थापन झाली, ती याच लोकांची. पुस्तकातील पुष्कळशी माहिती त्यांच्याच अहवालांतून आलेली दिसते, आणि संस्थेचा अहवाल संस्थेविषयी काय सांगतो हे मी वेगळे सांगायला नको. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत मजुरांच्या सभेत बॉम्ब फुटला, पुढे माणसे फासावर गेली. रमाबाई तेव्हा त्याच देशात होत्या. कारखान्यातल्या त्या अमेरिकेची धग या पुस्तकाला फारशी लागत नाही. मूळ रहिवाशांविषयीची कळकळही पुढे देशाच्या भरभराटीची वर्णने सुरू झाली की मागे पडते. ती भरभराट कुणाच्या जमिनीवर उभी राहिली, हा प्रश्न त्याच पानावर यायला हवा होता.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा. तुलनेच्या दोन पारड्यांपैकी एकात सगळी अमेरिका आणि दुसऱ्यात जो हिंदुस्थान येतो तो प्रायः उच्चवर्णीय घराचा. आपल्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्यांनी ही मर्यादा स्पष्ट केली होती. या मराठी पुस्तकात ‘आपण’ म्हणताना ती तितकी स्पष्ट राहत नाही. शेतात राबणारी, बाजारात भाजी विकणारी स्त्री या ‘आपण’मध्ये कुठे आहे, ते शोधावे लागते.

त्याच वर्षी, त्याच शहरात, दुसरी एक मराठी तुलना चालू होती. आनंदीबाईंचे पती गोपाळराव अमेरिकेत पोचले होते आणि तेथील समाजावर व मिशनऱ्यांवर टीका करणारी व्याख्याने देत होते. त्यांच्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पण त्या दोघांतले कोण मायदेशी काय घेऊन आले, हे पाहिले म्हणजे तुलनेचा उपयोग कळतो. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदासदन सुरू झाले. माझ्या मते ते या पुस्तकाचे न छापलेले शेवटचे प्रकरण आहे.

रमाबाईंची ही नजर कुठून आली असेल? मला वाटते, त्याचे एक कारण आपल्या वाचकांना इतरांपेक्षा लवकर पटेल. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन; घरात मराठी, बाहेर कानडी. पुढे बालपण तीर्थयात्रांत गेले, आईवडील दुष्काळात गेले, विवाह बंगाली गृहस्थाशी झाला. पुण्यात वास्तव्यासाठी त्या आल्या त्या १८८२ मध्ये, विधवा होऊन, लहान मुलीला घेऊन. म्हणजे महाराष्ट्र हादेखील त्यांनी बाहेरून येऊन पाहिलेला मुलूख होता. आपल्या घरांतूनही ‘देशावर असे करतात, इकडे असे करतात’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. माझी आजी इंदुरात जन्मून इंदुरातच वारली, तरी पुरणपोळी ‘देशावरची’ कशी असते यावर अधिकाराने बोलत असे. दोन मुलुखांत पाय असलेल्या माणसाला तुलना शिकवावी लागत नाही. त्याला शिकावे लागते ते एवढेच की ‘असे करतात’च्या पुढे जाऊन ‘कसे करतात’ ते विचारायचे.

ते मी विचारले नव्हते. फिलाडेल्फियाच्या त्या उपनगरातील ग्रंथालयात मी चार महिने रोज जात होतो. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी ओळखपत्र तपासून हटकले नाही, आणि मी लेखात लिहिले, ‘मोफत’. जन्मभर लोकांच्या पावत्या तपासणाऱ्याने एकदाही विचारू नये की हे मोफत कोण भरते? रमाबाई वाचल्यावर मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘बाबा, आम्ही भरतो. घराच्या करात येते, थोडे राज्याकडून मिळते, आणि ग्रंथालयाच्या मित्रमंडळातले लोक जुन्या पुस्तकांची विक्री करून पैसे जमवतात. तुम्ही त्या विक्रीतून दोन पुस्तके आणली होतीत की!’’ आणली होती खरी. ती माझ्या टेबलावरच आहेत.

अमेरिका पाहून हा प्रश्न ज्याने वेळीच विचारला असा एक माणूस आपल्यातलाच होता. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यास आणून राज्यभर मोफत ग्रंथालये व पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या. इमारतीपेक्षा मला त्यातील पैशाची तजवीज महत्त्वाची वाटते. गावाने ठरावीक रक्कम जमवायची, तेवढीच प्रांतपंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. गावाने काही जमवलेच नाही, तर सरकारही देत नसे. बडोद्याच्या मंडळींना हे ठाऊक असेल. इंदूर-ग्वाल्हेरकडे आम्ही महाराजांच्या राजवाड्याचेच कौतुक करतो.

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाची गतवर्षीची वर्गणी ज्यांच्याकडून यायची आहे, त्या यादीत एक नाव माझेही निघाले. ती रक्कम मी भरली असून पावती घेतली आहे. माझा २०१९ चा लेख मंडळाच्या फाइलीत आहे. तो काढून टाकण्याचा आग्रह नाही, परंतु त्याच्यामागे हे टिपण जोडून ठेवावे आणि रमाबाईंचे पुस्तक बंद कपाटातून काढून देवघेवीच्या टेबलाजवळ ठेवावे, अशी कार्यवाहांना विनंती आहे.