‘पुरेसे’ या शब्दाची कसोटी

शास्त्रज्ञाच्या आयुष्यभराच्या कार्याचे परीक्षण करावयाचे म्हटले की, त्याला लाभलेल्या मानसन्मानांची यादी पुढे मांडण्याचा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे. अमेरिकन जीवरसायनज्ञ विल्यम विक्नर यांच्या बाबतीत हा मार्ग फारसा उपयोगाचा नाही. पेशीतील प्रथिनांच्या वाहतुकीसंबंधीच्या संशोधनाबद्दल १९९९ साली गुंटर ब्लोबेल यांना, आणि २०१३ साली जेम्स रॉथमन, रँडी शेकमन व टोमास झ्युडहोफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन्ही संशोधनक्षेत्रांत विक्नर यांनी दशकानुदशके काम केले. पण दोन्ही याद्यांत त्यांचे नाव नाही. तथापि प्रमेय मांडणारा आणि ते प्रमेय कसाला लावणारा या दोन भूमिका भिन्न आहेत, आणि शास्त्र दुसऱ्या भूमिकेचेही तितकेच ऋणी असते. हे ऋण कोणते आणि त्या भूमिकेच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मूळ प्रश्न समजावून घेतले पाहिजेत. प्रत्येक पेशीभोवती, आणि पेशीच्या आतील अनेक दालनांभोवतीही, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे अत्यंत पातळ पटल असते. बहुतेक विद्राव्य पदार्थांना ते सहजासहजी वाट देत नाही. दिली तर पेशी जगणारच नाही. परंतु पेशीत घडणाऱ्या अनेक प्रथिनांचे कार्यस्थान या पटलाच्या पलीकडे असते. प्रथिन पलीकडे जाते कसे, हा पहिला प्रश्न. पटलांनी वेढलेल्या दोन पिशव्या मिसळून एक होतात, तेव्हा आतील द्रव न सांडता हे मीलन घडते कसे, हा दुसरा. विक्नर यांच्या कार्याचा पूर्वार्ध पहिल्या प्रश्नात, तर उत्तरार्ध दुसऱ्या प्रश्नात गेला.

विक्नर हे हार्वर्डचे वैद्यकीय पदवीधर. पुढे स्टॅनफर्ड येथे आर्थर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी एम-१३ या जंतुभक्षक विषाणूच्या डीएनएची प्रत कशी निघते याचा अभ्यास केला. कॉर्नबर्ग यांची शिस्त प्रसिद्ध आहे : पेशी फोडावी, घटक एकेक करून शुद्ध करावेत, आणि ते पुन्हा एकत्र आणल्यावर मूळची क्रिया सुरू होते की नाही ते पाहावे. न्यायशास्त्राचा परिचय असलेल्या वाचकांस यात एक ओळखीचा विचार आढळेल. घटाच्या उत्पत्तीला माती, चाक, दंड ही कारणे होत. माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव घटापूर्वी तेथे हजर असले, तरी नैयायिक त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणून कारणांतून वगळतात. पेशीत तर सहस्रावधी प्रकारचे रेणू एकाच वेळी हजर असतात. त्यांतील चाक कोणते आणि गाढव कोणते, हे ठरविणे हेच शुद्धीकरणाचे प्रयोजन. मात्र याच पद्धतीत एक धोकाही आहे : उतावीळपणे चाकालाच गाढव समजून बाहेर काढले जाण्याचा.

हा धोका विक्नर यांच्या पहिल्याच मोठ्या सिद्धांतात दिसतो. ब्लोबेल यांनी १९७५ साली असे मांडले होते की, प्रथिनाच्या अग्रभागी एक संकेत असतो आणि तो त्याला पटलातील प्रथिनांनी बनलेल्या मार्गाकडे नेतो. १९७९ साली विक्नर यांनी याला पर्याय म्हणून ‘मेंब्रेन ट्रिगर’ गृहीतक पुढे केले. त्याचा आशय असा की, वेगळ्या मार्गाची आवश्यकताच नाही. पटलाचा स्पर्श होताच प्रथिनाची घडी बदलते आणि ते आपल्या सामर्थ्यावर पटलात शिरते. एम-१३ विषाणूचे ५० अमिनो आम्लांचे कवच-प्रथिन हा त्यांचा मुख्य आधार होता. हे प्रथिन २३ अमिनो आम्लांच्या अग्रखंडासह तयार होते, आणि पटलात शिरल्यावर तो खंड कापला जातो. हा खंड कापणारे विकर विक्नर यांच्याच प्रयोगशाळेने १९८० साली शुद्ध केले. गृहीतक आटोपशीर होते, आणि आटोपशीर गृहीतकाचे आकर्षण मोठे असते.

परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. कोणती जनुके बिघडली म्हणजे जंतूची प्रथिने आतच अडकून पडतात, हे जनुकशास्त्रज्ञांनी तोवर दाखविले होते. विक्नर यांनी त्या जनुकांची प्रथिने हाती घेतली आणि १९९० साली सहकाऱ्यांसह असे सिद्ध केले की, शुद्ध केलेले सेक-वाय/ई हे पटलप्रथिन कृत्रिम पुटिकांत बसविले आणि त्याला सेक-ए व एटीपी यांची जोड दिली, की प्रथिन पलीकडे जाते. म्हणजे ज्या मार्गाची गरज १९७९ साली त्यांनी नाकारली होती, त्याचा जीवरासायनिक पुरावा त्यांच्याच प्रयोगशाळेतून निघाला. २००४ साली स्फटिक-अभ्यासातून त्या प्रथिनाची रचनाही पाहावयास मिळाली. एम-१३चे कवच तेवढे अपवाद म्हणून उरले होते. त्यालाही वायआयडीसी नावाचे साहाय्यक प्रथिन लागते, हे २००० साली दाखविण्यात आले, आणि दाखविणाऱ्यांत विक्नर यांच्याकडे पूर्वी काम केलेले रॉस डाल्बी व आंद्रेआस कून हे होते. सिद्धांत ढासळला, परंतु त्याच पद्धतीत मुरलेल्या हातांनी तो ढासळविला. माझ्या मते या पूर्वार्धाचे खरे मोल येथेच आहे.

उत्तरार्धासाठी त्यांनी यीस्टच्या पेशीतील रिक्तिका निवडली. यीस्टला अंकुर फुटतो तेव्हा मातृपेशीच्या रिक्तिकेचे तुकडे अंकुरात जातात व तेथे मिसळून एक होतात. हे मीलन परीक्षानळीत मोजण्याची युक्ती मोठी मार्मिक आहे. एका वाणाच्या रिक्तिकेत एक विकर अपक्व स्थितीत असते, पण त्याला पक्व करणारे विकर नसते. दुसऱ्या वाणात याच्या उलट. दोन्ही रिक्तिका एकरूप झाल्या तरच अपक्व विकर पक्व होते, आणि त्याच्या क्रियेने उमटणाऱ्या रंगावरून मीलनाचे प्रमाण कळते.

रॉथमन यांच्या गटाने १९९३ साली स्नेअर नावाच्या प्रथिनांचा सिद्धांत मांडला. समोरासमोरच्या पटलांवरील स्नेअर एकमेकांस गुंफतात आणि एनएसएफ हे प्रथिन एटीपीची शक्ती खर्चून मीलन घडवून आणते, असे त्याचे चित्र होते. १९९६ साली मायर, हास व विक्नर यांनी या चित्राचा उत्तरभाग तपासला. दोन्ही रिक्तिका अलग ठेवूनच त्यांनी यीस्टमधील एनएसएफला, म्हणजे सेक-१८ला, आपले काम करू दिले. मग प्रतिपिंडांनी ते काम बंद पाडून रिक्तिका एकत्र केल्या. मीलन तरीही झाले. अर्थात सेक-१८ हे शेवटचा धक्का देणारे नव्हे. जुन्या गुंफणी सोडवून स्नेअरांना नव्या गाठीसाठी मोकळे करणारे ठरले. सिद्धांताचा गाभा टिकला, क्रम मात्र बदलला.

पुढचा वाद ‘पुरेसे’ या शब्दाचा होता. स्नेअर आवश्यक आहेत याविषयी शंका राहिली नव्हती. आपल्या घरोघरी ज्याची धास्ती असते त्या धनुर्वाताचे विष मज्जातंतूंतील असेच एक प्रथिन तोडते, हे १९९२ साली कळले होते. परंतु आवश्यक म्हणजे पुरेसे नव्हे. १९९८ साली रॉथमन यांच्या गटाने कृत्रिम पुटिकांत केवळ स्नेअर बसवून मीलन घडविले आणि त्यांना मीलनाचे किमान यंत्र म्हटले. ते मीलन मंद होते. विक्नर यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली दाखविले की, स्नेअरांचे प्रमाण फाजील वाढविले तर रिक्तिका मिसळतात, पण फुटतातही. २००८ साली त्यांनी रिक्तिकेचे स्नेअर, ठराविक स्निग्ध द्रव्ये, सेक-१७, सेक-१८ आणि होप्स हा सहा प्रथिनांचा समूह यांच्या संयोगाने मीलनाची पुनर्रचना केली. द्रव न सांडता एकरूप होणे हाच जर मूळ प्रश्न, तर जे यंत्र पिशवी फोडते त्याला पुरेसे कसे म्हणावे? होप्स हे गाढव नव्हे, चाकच आहे, हा या प्रयोगांचा निष्कर्ष मला ग्राह्य वाटतो.

तथापि काही आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. कृत्रिम पुटिकांतील प्रथिनांचे प्रमाण व स्निग्धांचे मिश्रण प्रयोगकर्ताच ठरवितो. तेव्हा १९९८च्या प्रयोगावर जो आक्षेप घेता येतो, तो थोड्याबहुत अंशी २००८च्या प्रयोगावरही येतो. दुसरे असे की, रिक्तिकांचे मीलन नळीत दीड तास ठेवून मोजले जाते. मज्जातंतूच्या टोकाशी तेच कार्य सहस्रांश सेकंदाच्या आत उरकते. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावताना सावधगिरी हवी. तिसरा आक्षेप लेखनाविषयी. या प्रबंधांत संक्षिप्त नावांचे असे अरण्य माजले आहे की, शेजारच्या विषयाचा अभ्यासकही उंबरठ्यावरच थबकतो. ज्या कार्याचे सारे बळ तर्कात आहे, त्या तर्काला अधिक मोकळी वाट मिळावयास हवी होती.

हे आक्षेप गृहीत धरूनही हे कार्य मोठेच आहे. कीर्ती सहसा किमान सूत्र सांगणाऱ्याच्या वाट्याला येते, कारण ते लक्षात ठेवावयास सोपे असते. त्या सूत्रातून काय सुटले हे दाखविणाऱ्याचे काम अधिक रुक्ष, आणि पुष्कळदा अप्रियही. विक्नर यांनी ते इतरांच्या सिद्धांताबाबत केले. पण त्याआधी स्वतःच्या सिद्धांताबाबत केले होते, म्हणूनच त्यांच्या परीक्षणाला वजन आहे.